एकट्याने सायकलवर, खेड्यापाड्यांतून : रात्रीचा मुक्काम कसा मिळाला? (अनुभव धागा)

सायकली, टायर आणि गिअर यांबद्दल मराठीत आता पुष्कळ लिहिले जाते. पण सामान बांधून एकट्याने दूरवर निघालेल्याला दुपार कलल्यापासून जो प्रश्न छळू लागतो, म्हणजे आज पाठ कुठे टेकायची, त्याविषयी फारसे वाचायला मिळत नाही. ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी रस्ता, हंगाम आणि मुक्कामाची सोय यांविषयी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त बँक कर्मचारी, सातारा

मी सायकलने नर्मदा परिक्रमा केली. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने पश्चिमेकडे निघालो. मैया सतत उजव्या हाताला ठेवायची आणि पात्र कुठेही ओलांडायचे नाही, हा नियम सायकलवाल्यालाही लागू असल्यामुळे समोर पूल दिसत असूनही तो आपल्यासाठी नसतो, याची सवय व्हायला थोडे दिवस लागतात. अपवाद एकच : गुजरातेत विमलेश्वरला, नर्मदा समुद्राला मिळते तिथे, होडीने उत्तर तटावर जायचे असते आणि होडी सुटते ती भरतीच्या वेळेनुसार. तिथे घड्याळ बाजूला ठेवावे आणि सायकल चढवू देतील का, हे आदल्या दिवशीच विचारून घ्यावे.

मुक्कामाची चिंता मात्र या वाटेवर सर्वांत कमी. ‘नर्मदे हर’ म्हणत आश्रमात किंवा धर्मशाळेत शिरावे. कुठे शिजलेले जेवण मिळते, तर कुठे सदावर्त म्हणून पीठ, डाळ, तांदूळ हाती येतात आणि चूल आपण पेटवायची असते. पायी परिक्रमावासी सकाळपासून चाललेले असतात आणि आपण चाकांवर आलेलो असतो, त्यामुळे जागा अपुरी असेल तर त्यांची सोय आधी होऊ द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याला पुढचे गाव तासाभरात गाठता येते.

शिक्षिका, लातूर

वरील अनुभव वाचून हेवा वाटला, कारण परिक्रमावासी म्हटले की दार उघडते. नुसत्या सायकलवालीला आधी बरेच खुलासे द्यावे लागतात. मी हिवाळ्यात नांदेडहून देगलूरमार्गे बिदरला गेले. नांदेडला सचखंड हुजूर साहिब आणि बिदरला नानक झिरा साहिब असे दोन्ही टोकांना गुरुद्वारे आहेत, लंगर आहे, यात्रेकरूंसाठी खोल्या आहेत, आणि एकट्या बाईला तिथे संकोच वाटत नाही. अडचण मधल्या रात्रीची. अशा वेळी मी पारावरच्या पुरुषांना न विचारता शाळेतल्या बाईंकडे किंवा अंगणवाडीताईंकडे चौकशी करते. “एकटीच निघालीस? घरच्यांनी सोडलं कसं?” ही उलटतपासणी होतेच, पण ती संपली की ताटही वाढले जाते. बिदर जिल्ह्यातल्या गावांत मराठी पुष्कळ चालते, त्यामुळे सीमा ओलांडल्यावरही बोलण्यात अडचण आली नाही. रस्त्यात सोबत मोटारसायकल चालवत गप्पा मारणाऱ्याला मुक्कामाचे गाव कधीही सांगू नये. “पुढे आमची माणसं थांबली आहेत” एवढे उत्तर पुरते, आणि त्या खोटेपणाचे मला मुळीच वाईट वाटत नाही.

अभियंता, पुणे

कोकणात सागरी मार्गाने जाणाऱ्यांसाठी थोडेसे. आगरदांडा–दिघी, वेश्वी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड या फेरीबोटींवर सायकल सहज नेता येते, पण शेवटची बोट चुकली तर खाडीला लांबचा वळसा पडतो. म्हणून मुक्काम खाडीच्या अलीकडे की पलीकडे, हे सकाळीच ठरवावे. जवळपास प्रत्येक खाडीनंतर खडा चढ असतो आणि नकाशावरचे अंतर तिथे फसवते. शनिवार-रविवारी घरगुती निवासवाले एकट्या माणसासाठी खोली द्यायला नाखूश असतात, हे त्यांच्या बाजूने योग्यच आहे. आपण सोमवार ते गुरुवार जावे. जेवण सांगायला मात्र आधी फोन करावा, कारण बऱ्याच घरांत मासे माणसे मोजूनच आणतात.

शेतकरी, सोलापूर

माझ्या अनुभवात मुक्काम हुकतो तो बहुधा पंक्चरमुळे. आमच्याकडे वेड्या बाभळीचे काटे रस्त्याच्या कडेला विखुरलेले असतात आणि परदेशी पद्धतीच्या बारीक व्हॉल्व्हला गावातल्या दुकानाचा पंप बसत नाही. मोटारीसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर कोणत्याही टायरवाल्याकडे हवा भरता येते. तरीही उशीर झालाच, तर ऊसतोडणीच्या हंगामात अंधारात पुढे जाऊ नये. दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या अनेक ट्रॅक्टरांना मागे दिवा नसतो. त्यापेक्षा जवळच्या वस्तीवर जाऊन सरळ विचारावे, गोठ्याशेजारी का होईना, जागा मिळते.