जेफेट कॉम्प्रेसर: गेटवर अपेक्षेपेक्षा कमी व्होल्टेज आणि कायम दबलेला आवाज

प्रश्नकर्ता (महाल, नागपूर)

नमस्कार. आमच्या मंडळाच्या खंजिरी भजनांचे ध्वनिमुद्रण करताना गायकाचा आवाज एखाद्या ओळीत फार चढतो आणि पुढच्या ओळीत शब्दसुद्धा नीट ऐकू येत नाहीत, म्हणून मी घरीच एक ऑडिओ कॉम्प्रेसर (चढलेला आवाज आपोआप दाबणारे सर्किट) बांधला आहे. सर्किट असे आहे: टीएल०७२ या ऑप-अँप आयसीच्या इनपुट बफरपासून २२ किलोओहमचा रेझिस्टर, त्यानंतर बीएफडब्ल्यू१० या जेफेटचा (गेट या पायावरच्या व्होल्टेजने नियंत्रित होणाऱ्या ट्रान्झिस्टरचा) ड्रेन हा पाय; सोर्स हा पाय ग्राउंडला. या दोघांच्या जोडावरून सिग्नल पुढच्या अँप्लिफायरला जातो. त्याच्या आउटपुटवरून फुल-वेव्ह रेक्टिफायर, मग १ किलोओहममधून १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर ४७० किलोओहम. या कपॅसिटरवरील व्होल्टेज आणि प्रीसेटवरून (स्क्रूने फिरवायच्या छोट्या व्हेरिएबल रेझिस्टरवरून) येणारे ऋण बायस, म्हणजे स्थिर व्होल्टेज, एका ऑप-अँपमध्ये एकत्र होतात. त्या ऑप-अँपचे आउटपुट १ मेगाओहममधून गेटला जोडलेले आहे, आणि गेट ते ड्रेन असा आणखी एक १ मेगाओहम आहे. सप्लाय अधिक-उणे १२ व्होल्टचा आहे.

सिग्नल नसताना ऑप-अँपच्या आउटपुटवर उणे ६ व्होल्ट मिळतात, परंतु गेटवर मात्र उणे २ व्होल्टच दिसतात. दोन्ही रेझिस्टर बदलून पाहिले, तरी फरक पडला नाही. गायन हळू असो वा मोठ्याने, आवाज कायम दबलेलाच राहतो. ड्रेन ते गेट हा रेझिस्टर ऑडिओ सिग्नल थेट गेटवर आणतो, तो तिथे कशासाठी ठेवला असावा? तसेच या सर्किटमध्ये थ्रेशोल्डचा (आवाज कोणत्या पातळीपासून दाबायचा ते ठरवणारा) नॉब कोठेच नाही, आणि खंजिरीचा प्रत्येक ठोका पडला की गायकाचा आवाज बुडतो. सर्किट कसे चालते हे समजून घ्यायचे आहे; केवळ दुरुस्ती सुचवली तर पुढच्या वेळी मी पुन्हा इथेच अडकेन.

सदस्य (धरमपेठ)

आपण सर्किट नीट लिहून दिले, त्यामुळे बरेचसे इथूनच सांगता येते. आपण मोजलेले उणे २ हे काही अंशी सर्किटमुळे आणि काही अंशी आपल्या मीटरमुळे आलेले आहेत.

आधी सर्किटचा भाग पाहू. गेटमध्ये करंट जवळजवळ जातच नाही, त्यामुळे दोन समान १ मेगाओहम मिळून साधा व्होल्टेज डिव्हायडर तयार होतो, ज्याचे एक टोक उणे ६ व्होल्टवर आणि दुसरे टोक ड्रेनवर, म्हणजे डीसीच्या दृष्टीने शून्यावर आहे. गेटवर खरोखर उणे ३ व्होल्टच असणार. आता मीटर. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पिवळ्या डिजिटल मीटरचा इनपुट रोध साधारण १ मेगाओहम असतो, तर बऱ्या मीटरचा १० मेगाओहम. गेटकडून मागे पाहिल्यास ते दोन रेझिस्टर समांतर, म्हणजे ५०० किलोओहम दिसतात; त्यावर १ मेगाओहमचा मीटर टेकवला की उणे ३ चे उणे २ होतात. मीटर उचलला की गेट परत उणे ३ वर जातो, पण ते आपल्याला दिसत नाही. रेझिस्टर बदलून फरक पडला नाही, कारण त्यांच्यात दोष नव्हताच.

ड्रेन ते गेट हा रेझिस्टर या सर्किटमधला सर्वांत शहाणा भाग आहे, असे माझे मत आहे. ड्रेन-सोर्स व्होल्टेज लहान असेपर्यंत जेफेट हा गेटने बदलता येणारा रेझिस्टर असतो, परंतु तो सरळ रेषेचा नसतो: ड्रेनच्या करंटमध्ये ड्रेन-सोर्स व्होल्टेजच्या वर्गाचे एक पद उणे चिन्हाने येते, आणि त्यामुळे दुसऱ्या हार्मोनिकची (मूळ सुराच्या दुप्पट वारंवारतेची) विकृती तयार होते. गेटवर ड्रेन सिग्नलचा बरोबर अर्धा भाग मिसळला, तर समीकरणात त्याच वर्गाचे पद अधिक चिन्हाने येते आणि दोन्ही एकमेकांना छेदतात. म्हणून दोन्ही रेझिस्टर समान हवेत. या सोयीची किंमत एवढीच की कंट्रोल व्होल्टेजही अर्धे होते. वास्तवातला जेफेट सूत्राइतका काटेकोर नसतो, तेव्हा ड्रेनवरचा सिग्नल १०० मिलिव्होल्टच्या आत ठेवावा आणि उरलेली पातळी पुढच्या अँप्लिफायरने भरून काढावी.

आवाज कायम दबण्याचे कारणही याच अर्ध्या व्होल्टेजमध्ये आहे. जेफेट पूर्ण बंद असेल तर २२ किलोओहमनंतर सिग्नल कमी होत नाही. जेफेट २२ किलोओहमवर आला की सिग्नल ६ डेसिबलने घटतो, आणि २.२ किलोओहमवर सुमारे २१ डेसिबलने. आपल्या जेफेटचे पिंच-ऑफ व्होल्टेज (गेटवरच्या ज्या व्होल्टेजला तो पूर्ण बंद होतो ते) उणे ३ पेक्षा अधिक ऋण असेल, तर सिग्नल नसतानाही तो अर्धवट चालू राहतो. बीएफडब्ल्यू१० मध्ये हे व्होल्टेज नगागणिक बरेच बदलते. डेटाशीटमधील कमाल मर्यादा ८ व्होल्ट आहे.

तेव्हा आपल्याकडचा नग मोजा, त्यासाठी तोच मीटर कामी येईल. जेफेट सर्किटमधून काढा, ड्रेन अधिक १२ व्होल्टला, गेट ग्राउंडला, आणि सोर्स व ग्राउंड यांच्यामध्ये फक्त मीटर जोडा. मीटरच्या १ मेगाओहममधून काही मायक्रोअँपियरच वाहतात, म्हणून येणारे वाचन पिंच-ऑफच्या अगदी जवळ असते. बीएफडब्ल्यू१० च्या धातूच्या टोपीला चौथा पाय असतो, तो शील्डचा आहे. परत बसवताना तो मोकळा न सोडता ग्राउंडला जोडावा.

सदस्य (प्रतापनगर)

थ्रेशोल्डबद्दल लिहितो. या सर्किटमध्ये डिटेक्टर (रेक्टिफायर आणि कपॅसिटरचा भाग) आउटपुटवरून सिग्नल घेतो, म्हणजे हे फीडबॅक पद्धतीचे आहे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या ११७६ या प्रसिद्ध कॉम्प्रेसरमध्येही हेच तत्त्व आहे, आणि त्यातही थ्रेशोल्डचा नॉब नाही. रेक्टिफायर आणि बायस मिळून थ्रेशोल्ड ठरून गेलेला असतो; आपण इनपुट वाढवून सिग्नल त्या पातळीवर चढवायचा आणि शेवटी आउटपुटचा नॉब कमी करायचा. फीडबॅकचा मोठा फायदा असा की जेफेटचा वक्र वेडावाकडा असला तरी लूप स्वतःच तो बराचसा सावरून घेतो. इनपुटवरून डिटेक्टर चालवायचा असेल, तर कंट्रोल व्होल्टेजला डेसिबलमध्ये सरळ प्रतिसाद देणारा घटक लागतो, आणि त्यासाठी व्हीसीए आयसी (व्होल्टेजने पातळी बदलणारा अँप्लिफायर) वापरणे श्रेयस्कर.

खंजिरीचे गणित सोपे आहे. १ किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड म्हणजे १ मिलिसेकंदाचा अटॅक (आवाज दाबायला लागणारा वेळ), त्यामुळे ठोक्याचे टोकदार शिखर कपॅसिटर जवळजवळ पूर्ण भरून टाकते. तो रिकामा होतो ४७० किलोओहममधून, म्हणजे त्याचा टाइम कॉन्स्टंट अर्ध्या सेकंदाच्या आसपास. द्रुत लयीत पुढचा ठोका त्याआधीच पडतो, आणि गायक दोन ठोक्यांच्या मध्ये बुडालेलाच राहतो. १ किलोओहमच्या जागी २२ किलोओहम लावल्यास शिखर संपेपर्यंत कपॅसिटर थोडासाच भरेल. मात्र मग खंजिरीची शिखरे न दबता आउटपुटपर्यंत जातील, तेव्हा रेकॉर्डिंगची पातळी त्यांच्यासाठी जागा ठेवून लावावी लागेल. खंजिरीला वेगळा माइक देऊन कॉम्प्रेसर फक्त गायकाच्या माइकवर लावता आला, तर मी तेच करीन.

जाता जाता: लूप चालू असताना काहीच समजत नाही. डिटेक्टर सोडवा, प्रीसेटने बायस हळूहळू उणेपासून शून्याकडे आणा, मोबाइलवरून १ किलोहर्ट्झचा स्थिर टोन द्या आणि आउटपुटची पातळी संगणकाच्या साउंड कार्डवर पाहून प्रत्येक व्होल्टेजपुढे लिहून ठेवा. स्वस्त मीटरची एसी रेंज या कामाला चालत नाही, ती बहुधा २०० व्होल्टपासूनच सुरू होते.

सदस्य (सदर)

एवढे करण्यापेक्षा एलईडी आणि एलडीआर (प्रकाशानुसार रोध बदलणारा घटक) काळ्या नळीत समोरासमोर बसवावेत, विकृतीचा प्रश्नच मिटतो, असे माझे मत. एलडीआर स्वतःच मंद असल्यामुळे खंजिरीचे ठोकेही तो फारसे मनावर घेत नाही. अर्थात अटॅक आणि रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) आपल्या हातात राहत नाहीत.

प्रश्नकर्ता (महाल, नागपूर)

सर्वांचे आभार. पिंच-ऑफ ४.३ व्होल्ट आले. म्हणजे ऑप-अँपवर उणे ८.६ व्होल्ट हवेत, आणि मी उणे ६ वर थांबलो होतो. बायस तिथे नेल्यावर आवाज मोकळा झाला. प्रतापनगरच्या सरांनी सांगितल्याप्रमाणे लूप सोडून तक्ता केला, तेव्हा लक्षात आले की गेटवरच्या अर्ध्या व्होल्टच्या फरकातच बहुतेक सर्व काम होते, त्यापलीकडे फारसे काही बदलत नाही. शंका एकच: दुपारी, खोली तापली की, तोच टोन दोन-तीन डेसिबलने खाली जातो. हे जेफेटमुळे की ऑप-अँपमुळे?

सदस्य (धरमपेठ)

जेफेटमुळे. तापमान वाढले की पिंच-ऑफ अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने आणखी ऋण होते. पहाट आणि दुपार यांच्यात १५ अंशांचा फरक धरला तरी ३० मिलिव्होल्ट झाले, आणि आपला सारा खेळ अर्ध्या व्होल्टचा असल्यामुळे बरोबर पिंच-ऑफवर लावलेला जेफेट तेवढ्यानेही थोडा उघडतो. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा बायस भर दुपारी, बॉक्स बंद करून अर्धा तास चालवल्यानंतरच लावा, आणि ऑप-अँपवर आणखी ०.१ ते ०.२ व्होल्ट ऋण बाजूला सरकवून ठेवा. थ्रेशोल्ड किंचित वर जाईल, तो इनपुटच्या नॉबने भरून निघतो. टीएल०७२ अधिक-उणे १२ वर साधारण १०.५ व्होल्टपर्यंत जातो, म्हणून आपल्या नगासाठी अजून जागा आहे. पिंच-ऑफ ५ च्या पुढे असलेला नग मात्र या सप्लायवर बसवू नये. सीताबर्डीत घेताना चार-पाच नग घ्या आणि घरी मोजून निवडा.