पिल्लू घरी आणताना काय काय घेतलंत? अनुभव लिहा

येत्या रविवारी आमच्याकडे लॅब (लॅब्रॅडॉर) कुत्र्याचं पिल्लू येतंय, नऊ आठवड्यांचं. लेकीने यादी केली आहे. तीत बिछाना, दोन रेनकोट आणि वाढदिवसाची टोपी आहे. पट्टा नाही! तुम्ही काय घेतलंत, काय वाया गेलं, सगळं लिहा. किमतीही लिहा, नवऱ्याला दाखवायच्या आहेत.

वऱ्हाडी_ठेचा
बिछाना घेऊ नका. मी 1800 रुपयांचा घेतला, गोल, मऊमऊ. तिसऱ्या दिवशी शिवण उसवली आणि हॉलभर कापूस. फोनवर डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "गिळला का?" दिवसभर त्याची शी तपासत बसलो. नागपूरचा एप्रिल, पठ्ठ्या शेवटी न्हाणीघराच्या दाराशी पायपुसण्यावर झोपला. फरशी गार ना! थंडीत आईने जुन्या लुगड्याची गोधडी दिली, तीवर आजही झोपतो.

भांड्याचंही तेच. प्लॅस्टिकचं कुरतडून टाकलं. स्टीलचं आणलं तर चाटता चाटता फ्रिजखाली ढकलायचा, पहाटे साडेपाचला खणखणाट. आईने कणीक मळताना परातीखाली ठेवतो तसं ओलं फडकं खाली ठेवलं. भांडं जागचं हललं नाही. रबराच्या कडेचं भांडं मिळतं हे मला नंतर कळलं.

सदाशिवपेठी
'वाढत्या अंगाचा' पट्टा घेऊ नका. शाळेच्या गणवेशासारखा विचार मी केला. गेटपाशी टेम्पोने हॉर्न दिला, पिल्लू मागे सरकलं, पट्टा माझ्या हातात आणि पिल्लू भाजीच्या गाडीखाली. पट्टा आणि मान यांत दोन बोटं जावीत, तीन नकोत. लॅब भराभर वाढतो, म्हणून पहिला पट्टा स्वस्तातलाच घ्या, पण मापाचा. दोरी हार्नेसला (छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्याला) लावा, पट्ट्यावर फक्त तुमच्या फोन नंबरचा बिल्ला.

चहाबाज
फिनेल कपाटात वर ठेवा. पिल्लू फरशी चाटतं. शूसाठी एन्झाइमवाला क्लीनर आणा, नाहीतर वास राहतो आणि ते पुन्हा तिथेच बसतं.

पार्किंगवाली_ताई
आमची गावठी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेली. पहिली खरेदी दवाखान्यातच: जंताचं औषध आणि लशीचं पुस्तक. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, रेबीजची साधारण तीन महिन्यांना. लशी पुऱ्या होईपर्यंत रस्त्यावर न्यायचं नाही, कारण पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. हौसेने आणलेली 650 रुपयांची दोरी दोन महिने खिळ्याला लटकत होती.

आणि दूध-पाव! सगळी सोसायटी प्रेमाने घालत होती, आम्ही जुलाब पुसत होतो. गाईचं दूध बंद केलं, पिल्लांचं खाणं सुरू केलं, दोन दिवसांत पोट ठीक.

कोल्हापुरी_चप्पल
नावावरून ओळखलंच असेल. जुनी चप्पल चघळायला दिली, ही माझी चूक. जुनी कुठली आणि लग्नातली कुठली, हे त्याला कसं कळणार? मग कोणीतरी टणक हाड आणायला सांगितलं, त्याने दाढेचा टवका उडाला. खेळणं घेताना नखाने दाबून बघा, खळगा पडला पाहिजे. चौथ्या महिन्याच्या आसपास दुधाचे दात पडायला लागले की हिरड्या शिवशिवतात. तेव्हा ओल्या नॅपकिनला गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवायचे, समोर धरून बसायचे. फुकटात काम.

जर्सीकर
इथे क्रेट सर्रास वापरतात. व्हिडिओ कॉलवर सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, पिंजऱ्यात का घातलंय लेकराला?" पिल्लू झोपायची जागा सहसा घाण करत नाही, म्हणून क्रेट उठून वळून झोपता येईल एवढाच हवा. आम्ही मोठ्या कुत्र्याच्या मापाचा आणला, तर याने एका कोपऱ्यात मोरी केली! मग मधला पडदा लावून अर्धा बंद केला. दार दिवसा उघडंच असतं. सासूबाई आल्या तेव्हा त्याच स्वतः आत बिस्किटं ठेवत होत्या.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. बिछाना आणि दोन्ही रेनकोट यादीतून कापले, पट्टा आणि पायपुसणी वाढवली. आईला गोधडीचं विचारलं, तर "लुगडं कुठलं देऊ?" म्हणून तिने ट्रंक उघडली आहे. टोपी लेक कापू देत नाही.