फॅटी लिव्हर असताना रात्रपाळी: झोपेचे तास महत्त्वाचे की वेळ?

प्रश्न:
सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर (यकृतात चरबी साठण्याची सौम्य पायरी), एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) थोडं वाढलेलं, दारू अजिबात नाही. आठवड्यात दोन-तीन रात्रपाळ्या असल्या, पण एकूण ७ तास झोप होत असली, तर तेवढं पुरे का? आणि रात्रपाळीत जेवायचं कधी?

उत्तर १:
नुसते तास मोजून भागत नाही. मेंदूतलं मुख्य घड्याळ उजेडावर चालतं. यकृताच्या पेशींना स्वतःचं घड्याळ असतं आणि ते बरंचसं जेवणाच्या वेळेवर लागतं. रात्री दोनला भरपेट जेवलं की या दोन घड्याळांची फारकत होते. शिवाय रात्री इन्सुलिनचा परिणाम मंदावतो, म्हणून तेच जेवण साखर जास्त चढवतं. असं रोज होत राहिलं की यकृतात चरबी साठत जाते.

मुख्य जेवण पाळीवर जाण्याआधी उरकावं. मध्यरात्र ते पहाटे ५ शक्यतो काही खाऊ नये. भूक असह्य झाली तर थोडं प्रथिनयुक्त खाणं चालेल, गोड पेय मात्र नको. घरी आल्यावर हलकं खाऊन अंधाऱ्या खोलीत झोपावं. सुट्टीच्या दिवशीही झोपेतले निदान ४ तास रोजच्याच वेळेत यावेत. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण जेवण पुढे ढकललं की साखर एकदम खाली येऊ शकते.

उत्तर २:
हालचालीचंही बघा. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं झालं तर वजन फारसं न उतरताही यकृतातली चरबी घटते. यकृताची सूज उतरायला मात्र ७ ते १० टक्के वजन कमी व्हावं लागतं, तेही सावकाश.

एक गफलत नेहमी होते. जड वजनं उचलल्यावर स्नायूंमधून एसजीओटी (यकृत-तपासणीतलं दुसरं एन्झाइम) आणि एसजीपीटी रक्तात येतात आणि आठवडाभर वाढलेले दिसू शकतात. तपासणीच्या आधी ७ दिवस तसा व्यायाम टाळा, नाहीतर दोष फुकट यकृताला लागतो. मोठ्याने घोरणं आणि दिवसा पेंग येणं असेल तर स्लीप ॲप्नियाची (झोपेत श्वास अधूनमधून थांबण्याची) तपासणी करून घ्या. रात्रभर ऑक्सिजन खाली-वर होत राहिला की फॅटी लिव्हर बळावतं.

उत्तर ३:
कृपा करून एक लक्षात घ्या: सिरॉसिस (यकृत व्रणांनी कडक होणं) असेल तर वरचा न खाण्याचा सल्ला लागू नाही. अशा यकृतात ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा तुटपुंजा असतो, त्यामुळे रात्रभराच्या उपाशीपणात शरीर स्नायू मोडून ऊर्जा काढतं. म्हणून झोपण्याआधी साधारण ५० ग्रॅम कर्बोदकं असलेलं खाणं मुद्दाम देतात.

सिरॉसिसच्या रुग्णाला दिवसा झोप आणि रात्री टक्क जाग असेल, तर ती मेंदूवर परिणाम होऊ लागल्याची खूण असू शकते. मनाने झोपेची गोळी देऊ नका, तिने अवस्था बिघडते. बद्धकोष्ठतेनेही ती बिघडते, म्हणून शौचाला साफ होतं का ते विचारा. बोलण्यात गोंधळ, हात फडफडणं, अक्षर बिघडणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

प्रश्नकर्ता:
एसजीपीटी नॉर्मल आलं की निर्धास्त राहायचं का?

उत्तर २:
नाही. एसजीपीटी नॉर्मल असूनही फायब्रोसिस (यकृतात व्रण साठणं) असू शकतो. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून फिब-४ (फायब्रोसिसचा अंदाज देणारा आकडा) काढून घ्या. तो १.३ पेक्षा जास्त आला तर फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी), आणि त्यासाठी निदान ३ तास उपाशीपोटी जावं लागतं.