गरोदरपणात शुगर निघाली होती, आता कोणतं गर्भनिरोधक साधन घ्यावं? मदत हवी आहे

पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून केलेल्या तपासणीत दोन तासांची शुगर १५८ आली (१४० च्या आत हवी होती). इन्सुलिन लागलं नाही, पथ्यावर भागलं. बाळ चार महिन्यांचं आहे, अंगावर पितं. बाळंतपणानंतर तीच तपासणी पुन्हा केली, नॉर्मल आली. बीपी नाही. आईला मधुमेह आहे.

दुसरं मूल हवंय, पण दोन-तीन वर्षांनी. सध्या निरोधवर चाललंय, नवऱ्याची कुरकुर वेगळीच! डॉक्टरांनी तांबी सुचवली. त्यात हार्मोन नाही, शुगरचा प्रश्नच नाही, हे पटतं. पण पाळीत मला आधीपासून अंगावरून खूप जातं, हिमोग्लोबिन ९.५ आहे, आणि तांबीने सुरुवातीचे काही महिने रक्तस्राव वाढतो म्हणे. आशाताई अंतरा इंजेक्शन घे म्हणतात, दर तीन महिन्यांनी, सरकारी दवाखान्यात फुकट. ते हार्मोनचं, वजन वाढू शकतं, आणि थांबवल्यावर दिवस राहायलाही वेळ लागतो. छाया गोळीत हार्मोन नाही, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. मी विसरभोळी, तेवढीच भीती.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचंच आहे, त्यामुळे मेथीचं पाणी वगैरे कृपया सुचवू नका. गरोदरपणात शुगर असलेल्या कुणी नंतर अंतरा घेतलं असेल, तर उपाशीपोटीची शुगर किंवा वजन वाढलं का? आणि हिमोग्लोबिन कमी असताना तुमच्या डॉक्टरांनी तांबी बसवली की छाया दिली?