मासळीच्या पेटीचा धंदा : मुद्रा लोन घेऊ की इन्व्हेस्टर शोधू?

दर्याकिनारी
नमस्कार मंडळी, मी मेकॅनिकल इंजिनिअर, ऐरोलीत नोकरी. मासळी विकणाऱ्या बायकांसाठी एक पेटी बनवलीय, बर्फाऐवजी रात्रभर गोठवलेले जेल पॅक लावायचे, दुपारपर्यंत पापलेट कडक राहतं आणि पाणी गळत नाही. आत्या बाजारात बसते, तिने वापरली आणि आता सोडायलाच तयार नाही. पण प्लास्टिकचा मोल्ड करायचा म्हणजे लाखांत खर्च. घरचे म्हणतात मुद्रा लोन काढ, मित्र म्हणतो इन्व्हेस्टर बघ. आधी धंद्याचा एखादा कोर्स करावा का?

बँकवाला_दादर
मुद्रात 'तरुण' नावाचा कर्जाचा गट आहे, त्यात 10 लाखांपर्यंत विनातारण मिळतं, पण हप्ता म्हणजे हप्ता, जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हाही भरायचा. इन्व्हेस्टर हप्ता मागत नाही पण कंपनीत हिस्सा घेतो आणि काही वर्षांत त्याला पैसे कित्येक पटीने परत हवे असतात, मग मुंबईतल्या दोन-चार बाजारांवर भागणार नाही, रत्नागिरी, वेरावळ, कोची सगळीकडे जावं लागेल. तेवढं मोठं करायची तुझी खरंच इच्छा आहे का, ते आधी ठरव.

सुमनताई
अरे मोल्डवर आत्ता एक रुपया घालू नकोस. फायबरच्या पंधरा-वीस पेट्या हाताने करून घे आणि भाड्याने दे. पेटीचे पैसे एकदम कोणी देणार नाही, पण बर्फाला रोज पैसे जातातच ना, भाडं त्याच्यापेक्षा कमी ठेव. आणि मला सांग, ते पॅक रोज रात्री गोठवणार कोण, फ्रीझर कुणाचा, लाईटबिल कुणाचं, पहाटे बाजारात पोचवणार कोण? खर्च सगळा तिथे आहे, त्याचा हिशोब बसला तर बँकपण ऐकेल आणि इन्व्हेस्टरपण. कोर्स वगैरे नंतर बघ.

पवईकर
ताईंना +1. हिशोब बसला की पवईला आयआयटीतल्या साइन इनक्युबेटरकडे (नवीन धंद्यांना उभं राहायला मदत करणारं केंद्र) चौकशी कर, 2004 पासून चालू आहे. इन्व्हेस्टर आणायचा तर प्रायव्हेट लिमिटेडच कर. पार्टनर घेणार असशील तर शेअर एकदम देऊ नकोस, साधारण चार वर्षांत हळूहळू मिळतील आणि वर्षाच्या आत सोडून गेला तर काहीच नाही असं लिहून घे. आणि नोकरीचं अपॉइंटमेंट लेटर नीट वाच, नोकरीत असताना केलेल्या डिझाइनवर कंपनीचा हक्क असं कलम असतं बऱ्याचदा!!

दर्याकिनारी
फ्रीझरचा विचारच केला नव्हता ताई, आत्याकडे घरचाच आहे म्हणून. बाजाराजवळ बर्फाचा कारखाना आहे, त्यांच्याकडे रात्री पॅक ठेवायचे काय घेतील ते उद्या विचारतो आणि आकडे इथेच टाकतो.