स्कूबाच्या फॉर्मवर डोळे मिटून 'नाही' लिहिणाऱ्यांसाठी

खारा वारा
भटक्या मन्या यांनी परवा तारकर्ली सहलीचं वर्णन टाकलं. फोटो झकास. पण मध्येच, पाण्यात उतरण्याआधी भरायच्या तब्येतीच्या फॉर्मबद्दल हा सल्ला: "स्कूबाच्या फॉर्मवर सगळीकडे 'नाही' लिहा, उगाच फाटे फुटतात. मला रोजची अ‍ॅसिडिटी. सकाळी पॅन-डी मारली, वरून ईनो घेतला आणि उतरलो खाली. काही होत नाही!" त्यावर 'भारी टिप' म्हणणाऱ्यांची रांग. ती बघून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

भांडण गोळीशी नाही. पॅन-डीतल्या पॅन्टोप्राझोलने पाण्याखाली सहसा काही बिघडत नाही. ती गोळी रोज का लागते, हे कळायला हवं. वाकलं की घशाशी आंबट येणाऱ्या माणसाला पाण्यात डोकं खाली, पाय वर करून फिरवलं तर काय होईल? त्यात वेटसूट आणि पोटावर आवळलेला वजनाचा पट्टा. जमिनीवर ठसका लागतो, पाणी पितो, विषय संपतो. पाण्याखाली तेच आंबट पाणी श्वासनलिकेत गेलं की माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस श्वास रोखून वर पळतो. वर येताना दाब कमी होतो, कोंडलेली हवा फुगते, त्यात फुफ्फुस फाटू शकतं.

ईनोने झालेला गॅस खाली दाबाने आक्रसतो आणि वर येईपर्यंत मूळ आकाराला येतो, फार तर ढेकर आणि ढेकरेबरोबर आंबट पाणी. खरी भानगड खाली गिळलेल्या हवेची. १० मीटरवर गिळलेली लिटरभर हवा पृष्ठभागावर २ लिटर होते. नवखी मंडळी घाबरून हवा गिळतच असतात.

भटक्या मन्या
अहो साहेब, जरा दमानं घ्या. आम्ही काय मरियाना गर्तेत गेलो नव्हतो. आठ-नऊ मीटर खोली आणि मागे टाकी धरून एक पोरगा. पोहता न येणारे आजोबासुद्धा करून येतात.

आणि 'हो' लिहिलं तर काय होतं, तेही सांगा की. "डॉक्टरचं पत्र आणा." रविवारी सकाळी दांडीच्या किनाऱ्यावर डॉक्टर कुठून आणू, सिंधुदुर्ग किल्ल्यातून? मागच्या वेळी बायकोने प्रामाणिकपणे थायरॉइडची गोळी लिहिली. तिला बोटीत बसवून ठेवलं, पैसेही परत नाहीत. पोरं खाली मासे बघतायत आणि ही वर उन्हात चपला सांभाळतेय. त्या दिवसापासून आमच्या घरात कोणालाही कसलाही आजार नाही.

खारा वारा
"उथळच तर आहे" हे ठरलेलं वाक्य येणारच होतं. ३० मीटरवरून २० वर येताना दाब पृष्ठभागाच्या ४ पटीवरून ३ पटीवर येतो. १० वरून पृष्ठभागावर येताना २ वरून १ वर, म्हणजे हवा थेट दुप्पट. आकारातला सगळ्यात मोठा फरक तुमच्या त्या उथळ पाण्यातच पडतो.

वहिनींच्या बाबतीत मात्र चूक त्या लोकांची. पैसे परत द्यायला हवे होते.

देवबागकर
टाकी धरणारा तो 'पोरगा' म्हणजे माझ्यासारखेच. म्हणून बोलतो.

लोक रात्रभर गाडी हाकून येतात, पोटात आदल्या रात्रीचे वडे-सागोती, सकाळी बोटीवर वडापाव. मग लागते बोट. खाली गेल्यावर अंगठा वर करतात. आमच्याकडे अंगठा वर म्हणजे 'वर चला', त्यांना म्हणायचं असतं 'मस्त'. आणि खरंच मळमळतं तेव्हा काहीच खूण करत नाहीत, मास्कमधून नुसते डोळे मोठे होतात. पुढच्या क्षणाला हात रेग्युलेटरवर (टाकीतली हवा देणारा तोंडातला भाग), उपटायला. उलटी रेग्युलेटर तोंडात ठेवूनच करायची, हाताने दाबून धरायचा, मग आतलं बाहेर फेकणारं पर्जचं बटण दाबायचं. उपटलात तर उलटीनंतरचा पहिला श्वास पाण्याचा. हे मी बोटीत प्रत्येकाला सांगतो, तेव्हा सगळे सेल्फी काढत असतात.

'अ‍ॅसिडिटी आहे' एवढं माझ्या कानात सांगितलंत तरी तुम्हाला आडवं नेईन, डोकं खाली करू देणार नाही. लपवलंत तर मला काय कळणार? आणि फॉर्म इंग्रजीत, वाऱ्याने फडफडणारा, बोटभर पेन्सिल एकच. तो कोण वाचतो, तां माका म्हायत आसा.

आजीचा बटवा
एवढा काथ्याकूट कशाला? आदल्या रात्री वाटीभर सोलकढी घ्या. पित्त शांत. आमच्या माहेरी कोणी पॅन-डीचं नाव ऐकलं नव्हतं. माझा भाचा सोलकढी पिऊन अंदमानला डायव्हिंग करून आला.

पोटोबा एमडी
ताई, भाचा सुखरूप आला याचा आनंद आहे, श्रेय मात्र सोलकढीला नको. कोकम मुळात आंबट, नारळाच्या रसात स्निग्धांश भरपूर, वर लसूण-मिरची. स्निग्ध पदार्थाने जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि अन्ननलिकेची खालची झडप सैलावते. ज्याला रिफ्लक्स (आम्ल घशाकडे वर येणं) आहे त्याला ती चढूही शकते.

बाकी खारा वारा यांचं म्हणणं बरोबर, पण घाबरवणं थोडं जास्त झालं. अधूनमधून जळजळ होणाऱ्याला कोणी अडवत नाही. अडवायचं ते अन्ननलिकेशेजारून जठर छातीत सरकलेल्या हर्नियाला, कारण तिथे हवा अडकते. अ‍ॅकॅलेशियालाही, म्हणजे ती खालची झडप नीट उघडतच नाही त्याला. आणि रिफ्लक्ससाठी फंडोप्लिकेशन (जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळायची शस्त्रक्रिया) झालेल्यांपैकी काहींना ढेकरच देता येत नाही, त्यांनी विचारल्याशिवाय उतरू नये. वर येताना जठर फाटल्याच्या नोंदी आहेत, अगदी दुर्मीळ, पण आहेत.

देवबागकर
डॉक्टर, सोलकढी पिऊन कोणाचं पित्त वाढलं म्हणताय? ती हॉटेलातली असेल. नारळाची पावडर, बिटाचा रंग, आणि पर्यटक म्हणतात "ऑथेंटिक"! ताजा खोबऱ्याचा रस, घरचं आगळ (कोकमाचा अर्क), त्याची गोष्ट वेगळी.

आजीचा बटवा
अगदी! आगळ घरचंच हवं. आणि डॉक्टर, 'चढूही शकते' म्हणजे काय? कोकणातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या पितायत. तुमच्या गोळ्या येऊन किती वर्षं झाली?

पोटोबा एमडी
ओमेप्राझोल, या गोळ्यांतलं पहिलं, बाजारात आलं १९८८ च्या सुमारास. त्याआधी अल्सरसाठी लोकांचं अर्धं जठर कापून काढत होते, ताई. त्यात कोकणातलेही होते.

भटक्या मन्या
🍿 माझ्या फॉर्मचा विषय मिटला वाटतं.

आजीचा बटवा
तुमची डिग्री तुमच्यापाशी. आमच्या आजीला नव्वदीपर्यंत एक ढेकर आला नाही.

देवबागकर
मगे तिका डायव्हिंगाक पाठवची नाय, आत्ताच डॉक्टरान सांगल्यानी. 😀

मस्कतकर
सोलकढीतून डोकं वर काढा लोकहो. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याचा जुनाट दाह), त्यावर रोज मेसालाझिनची गोळी. ओमानच्या दिमानियात बेटांवर डायव्हिंग करतो, रीतसर. फॉर्म नेटवर मिळतो, २०२० मध्ये सुधारलेला. पोटाच्या तक्रारीला 'हो' म्हटलं की पुढच्या चौकोनात नेमकं विचारतात: वारंवार जळजळ, अल्सर, आटोक्यात नसलेला कोलायटिस, गेल्या वर्षभरातली वजन कमी करायची शस्त्रक्रिया. त्यातही 'हो' आलं तर डॉक्टरची सही; डॉक्टरने लिहून दिलेली गोळी चालू असेल तर ती तशीही लागते. आजार शांत असताना माझ्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत दिली. भडका उडाला, स्टेरॉइड चालू झालं, की मी बोटीचं नाव काढत नाही.

आणि तुम्ही कोणी बोललाच नाहीत ते अव्होमिनबद्दल. पॅन-डीपेक्षा मला तिची धास्ती जास्त. बोट लागू नये म्हणून दोन गोळ्या टाकून पेंगुळलेला माणूस पाण्याखाली घेऊन जायचा? घ्यायचीच तर आधी घरी घेऊन बघा किती झोप येते. पोटदुखीच्या डायसायक्लोमिननेही काहींना गुंगी येते, धूसर दिसतं.

खारा वारा
जुलाबांचं राहिलं. लोपेरामाइडने जुलाब थांबतात, अंगातलं गेलेलं पाणी परत येत नाही. निर्जलीकरण झालं की डीकंप्रेशनचा (वर येताना अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा) धोका वाढतो असं मानतात.

पोटोबा एमडी
आठ-नऊ मीटरवर वीस मिनिटांत डीकंप्रेशन? उगाच काहीही. कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला दिवसात दोन-तीन डाइव्ह मारणाऱ्यांना सांगा ते. इथल्या पाहुण्याला जुलाब असताना पाठवू नये, कारण त्याला भोवळ येईल.

खारा वारा
बरं, नेत्राणीवाल्यांसाठी लिहिलं असं समजा. भोवळ तर भोवळ. पाठवू नये यावर एकमत ना?

भटक्या मन्या
थोडक्यात, तारकर्लीला निघायच्या आधी पुण्यातच फॉर्म छापायचा, फॅमिली डॉक्टरकडून सही घ्यायची, वडापाव टाळायचा, अव्होमिन टाळायची आणि सोलकढीवर मत द्यायचं नाही. ठीक आहे, मेमध्ये परत जातोय, करतो तसं. पण माझ्या डॉक्टरांनी "स्कूबा म्हणजे ते विमानातून उडी मारतात ते का?" असं विचारलं तर त्यांना तुमचाच नंबर देणार आहे.