मदत हवी आहे: नळीच्या वाटेनं वर, साधले घाटानं खाली

नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये कोल्हापूरहून आम्ही पाच-सहाजण हरिश्चंद्रगडाला निघतोय. पायथ्याच्या बेलपाडा गावातून नळीच्या वाटेनं (म्हणजे कड्यातल्या अरुंद, उभ्या घळीतून) गडाच्या कोकणकड्यावर, मुक्काम गडावर आणि साधले घाटानं परत बेलपाड्यात, असा बेत आहे. पन्हाळा-पावनखिंड सगळ्यांनी केलंय, पण ती चाल लांबची. इथं घसरडा दगडगोटा आणि सरळ चढाई. माझी खरी धास्ती कातळटप्प्यांची आहे. तिथं दोर लावायला बेलपाड्यातला वाटाड्या पुरतो की तांत्रिक माहितीचा माणूस सोबत हवाच? हेल्मेट मी सगळ्यांना सक्तीचं केलंय, कुरकुर चालू आहे. डिसेंबरात नळीत पाणी मिळतं का? साधले घाटाची वाट उतरताना चुकते का? आणि कोल्हापूरहून रात्री निघून माळशेजमार्गे पहाटे बेलपाडा गाठणारं कुणी असेल तर गाडीचं कसं जमवलं, तेही सांगा.